पोटांत गोळा कां येतो?



नभोवाणीच्या या लहानशा, चोहोंकडून बंद केलेल्या खोलींत येऊन बसल्याला मला पांच मिनिटें झालीं. कांचेपलीकडे एक तरुण गृहस्थ बोट वर करून बसले होते. त्यांनीं तें आतां खालीं केलें, म्हणजे मी बोलावयास लागावें. माझ्या तळहातांना घाम सुटला आहे, घशाला कोरड पडली आहे, आणि बेंबीच्या किंचित् वर एक गोळा येऊन बसला आहे. एकोणचाळीस वर्षें मुलांपुढें उभा राहून बोललों, आणि येथें समोर कोणीहि नसतांना ही अवस्था! विषयहि मीं हाच निवडला आहे. भीति मनांत उत्पन्न होते असें आपण म्हणतों. मग गोळा पोटांत कां येतो?

प्रारंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. मी वैद्य नव्हें कीं मानसशास्त्राचा पंडित नव्हें. जुन्या अकरावीचा, १९७४ सालचा मॅट्रिक. पुढें दोन वर्षांचें अध्यापनाचें शिक्षण, आणि मग २०१५ पर्यंत खेड्यांतील प्राथमिक शाळा. आज जें सांगणार आहें तें थोडें वाचलेलें, थोडें वर्गांत पाहिलेलें आणि थोडें घरांत भोगलेलें आहे.

चौथीच्या वर्गाला वाक्प्रचार शिकविणें हें माझ्या आवडीचें काम होतें. 'अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा' हा प्रश्न परीक्षेंत हटकून असे. पुष्कळ वर्षें शिकविल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, मनोविकारांचे आपले बहुतेक वाक्प्रचार शरीराचे आहेत. भय वाटलें कीं छातींत धस्स होतें, पाय लटपटतात, बोबडी वळते, तोंडचें पाणी पळतें. रागानें तळपायाची आग मस्तकाला जाते. दुःखानें गळा दाटतो, आनंदानें ऊर भरून येतो, काळजीनें जीव टांगणीला लागतो, दुसऱ्याचे हाल पाहून पोटांत कालवतें. आणि संकट टळलें कीं 'हायसें' वाटतें. या शेवटच्या शब्दांत तर सोडलेला निःश्वासच ऐकूं येतो. मनाचा व्यवहार सांगावयास निघालेली भाषा पदोपदीं पोट, छाती, घसा आणि गुडघे यांचें नांव घेते. (काळजाची तर निराळीच मौज आहे. बोलतांना तें धडधडतें तेव्हां तें हृदय असतें, आणि खाटकाच्या दुकानीं तेंच 'कलेजी' होऊन यकृत ठरतें.)

शास्त्रकारांनींहि याची नोंद फार पूर्वीं केली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायांत आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ म्हणजे जागच्या जागीं खिळणें, स्वेद म्हणजे घाम, रोमांच, स्वरभंग, वेपथु म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग उतरणें, अश्रु, आणि प्रलय म्हणजे शुद्ध हरपणें. मॅट्रिकच्या संस्कृतावर तो ग्रंथ मला लागला असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. भाषांतराचा हात धरूनच वाचला. त्यांत एक मार्मिक विचार आहे. हात उचलणें, भुंवया चढविणें हें नटाला केव्हांहि करतां येतें. पण अश्रु आणि रोमांच हे मन एकाग्र झाल्यावांचून येत नाहींत, म्हणून त्यांचा वर्ग निराळा. आजचा शरीरशास्त्रज्ञ बहुतांशीं हीच सीमा दुसऱ्या शब्दांनीं सांगेल. हात उचलणारे स्नायु आपल्या इच्छेच्या ताब्यांत आहेत. घामाच्या ग्रंथि, अश्रूंच्या ग्रंथि, रक्तवाहिन्या, केसांच्या मुळाशीं असलेले सूक्ष्म स्नायु हे मात्र ज्या मज्जातंतूंच्या ताब्यांत आहेत, ते आपला हुकूम सरळ ऐकत नाहींत. मी या क्षणीं माझ्या तळहातांना 'घामेजूं नका' म्हणून बजावतों आहें. ते अधिकच घामेजत आहेत.

आतां आधीं काय, मनांतील भीति कीं शरीरांतील धडधड? आपण सर्व जण सहज म्हणूं कीं, आधीं भीति. १८८४ सालीं विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानें 'माइंड' नांवाच्या नियतकालिकांत एक निबंध लिहून हें उत्तर उलटें केलें. लोक समजतात कीं, अस्वल दिसलें, भय वाटलें आणि म्हणून आपण पळालों. जेम्स म्हणाला, क्रम चुकला. अस्वल दिसतांच शरीर आपण होऊन खडबडून उठतें, आणि त्या खळबळीची जी जाणीव आपल्याला होते तिलाच आपण भय हें नांव देतों. जोरानें उडणारें हृदय, उथळ श्वास, थरथरणारे ओठ, शिथिल झालेले हातपाय हें सर्व वजा करा आणि मग भयाचें काय शिल्लक राहतें तें पाहा, असा त्याचा आग्रह होता. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८८५ त, डेन्मार्कमधील कार्ल लांग या वैद्यानें स्वतंत्रपणें याच्या जवळचा विचार प्रसिद्ध केला. मला तर ही वजाबाकी फार दिवस पटली. रात्रीं अंथरुणावर पडून मीं ती करूनहि पाहिली आहे. कोणाचा तरी जुना अपमान आठवावा, आणि मग त्यांतून आवळलेला जबडा, तापलेलीं कानशिलें एकेक करून काढून टाकण्याचा प्रयत्न करावा. जबडा खरोखरच सैल सोडला कीं रागहि थोडा सैल होतो. पण सर्व जात नाहीं. कांहीं तरी उरतेंच.

जें उरतें त्याच्याकडे बोट दाखविणारा मनुष्य म्हणजे हार्वर्डचा वॉल्टर कॅनन. याची हकीकत मोठी मनोवेधक आहे. रोंटगेननें १८९५ त क्ष-किरण शोधून काढले, आणि त्यानंतर लौकरच कॅनन, स्वतः अद्याप वैद्यकाचा विद्यार्थी असतांना, ते किरण मांजराच्या पोटावर टाकून पाहूं लागला. अन्नांत बिस्मथ मिसळला कीं पडद्यावर जठराची छाया पडे आणि अन्न पुढें ढकलणाऱ्या लाटा दिसत. मांजर चिडलें, सुटण्यासाठीं धडपडूं लागलें कीं त्या लाटा एकदम थांबत. तें शांत झालें कीं पुन्हा सुरू होत. क्ष-किरणांच्याहि आधीं असा एक चमत्कारिक योग आला होता. १८२२ सालीं उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर कातड्याच्या व्यापारांतील एका नोकराला जवळून बंदुकीची गोळी लागली. तो जगला, पण जठरांत जाणारें एक भोंक कायमचें राहिलें. विल्यम बोमाँट या लष्करी शस्त्रवैद्यानें त्या भोंकांतून वर्षानुवर्षें पचनक्रिया पाहिली व १८३३ त ग्रंथ प्रसिद्ध केला. राग आणि भय यांनीं पाचकरसावर परिणाम होतो हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. पुढें १९४३ त प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका ग्रंथांत, अशाच प्रकारें जठराला भोंक राहिलेल्या एका मनुष्याविषयीं असें नमूद आहे कीं, भयानें त्याच्या जठराचा आंतील पडदा फिका पडे आणि रागानें लाल होई. भरतानें चेहऱ्यावर पाहिलेलें वैवर्ण्य पोटाच्या आंतहि उमटतें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कॅननचें स्पष्टीकरण साधें आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या दोन लहान ग्रंथि संकटसमयीं ॲड्रेनॅलिन नांवाचा द्राव रक्तांत सोडतात, त्याच वेळीं विशिष्ट मज्जातंतु जागे होतात, हृदय वेग घेतें आणि पोटांतील रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतें. घरावर दरोडा आला असतां स्वयंपाकघरांतील माणसेंहि मिळेल तें हातांत घेऊन दाराकडे धांवतात. चुलीवरचें चुलीवर राहतें. पोटांतील गोळा म्हणजे तें अर्धवट राहिलेलें चुलीवरचें. दरोडेखोराऐवजीं केवळ शाळातपासनीस दारांत आला तरी शरीर हीच धांवाधांव करतें, ही त्यांतील अडचण.

याच कॅननने १९२७ सालीं जेम्सवर आक्षेप घेतले. आंतड्यांतील बदल फार संथ असतात, भय त्याहून त्वरेनें येतें. राग, भय, इतकेंच नव्हे तर ताप आला असतांहि शरीरांत होणारे कांहीं बदल सारखेच असतात. मग नुसत्या त्यांवरून मनाला राग कोणता आणि भय कोणतें हें कसें कळावें? आणि नुसतें ॲड्रेनॅलिन टोंचलें असतां लोक म्हणत कीं, 'जणूं भीति वाटते आहे'. खरी भीति बहुधा वाटत नसे. तो 'जणूं' मला फार महत्त्वाचा वाटतो. माझ्या अल्प समजुतीप्रमाणें आज विद्वानांचा कौल असा आहे कीं, शरीर बातमी पाठवितें आणि मेंदु प्रसंग पाहून तिचा अर्थ लावतो. किंबहुना बातमी येण्याच्या आधींच काय येणार याचा अंदाज बांधून ठेवतो. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा 'व्हेगस' नांवाचा एक लांब मज्जातंतु आहे. त्यांतील सुमारें पांचांपैकीं चार तंतु पोटाकडे हुकूम नेणारे नसून वर मेंदूकडे वर्दी आणणारे आहेत. साहेब बोलतो थोडें आणि चपराशी वर्दी आणतात फार, असें हें कार्यालय आहे!

शरीराच्या आंतून येणारी ही वर्दी ओळखण्याच्या शक्तीला आपण अंतःसंवेदन म्हणूं. शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १९०६ सालीं या जातीच्या संवेदनांना निराळें नांव दिलें. ती शक्ति सर्वांत सारखी नसते. तुम्ही हें घरबसल्या पाहूं शकतां. घड्याळ जाणणारा कोणी जवळ बसवा. नाडीवर किंवा छातीवर हात न ठेवतां, डोळे मिटून, अर्ध्या मिनिटांत हृदयाचे किती ठोके जाणवतात ते मोजा. आणि त्याच अर्ध्या मिनिटांत त्यानें तुमच्या मनगटावर बोटें ठेवून मोजावे. दोन आंकडे ताडून पाहा. १९८१ सालीं रायनर शान्ड्री या जर्मन संशोधकानें हीच रीत प्रयोगशाळेंत वापरली. या प्रयोगावरहि टीका झालेली आहे, आणि ती रास्त आहे: आपलें हृदय मिनिटास सुमारें सत्तर वेळां उडतें हें ज्याला ठाऊक आहे तो कांहीं न जाणवतांहि पस्तीस म्हणून मोकळा होईल. तेव्हां हा खेळ समजून करावा. पुढें २००४ सालीं ह्यूगो क्रिचली व त्याच्या सहकाऱ्यांनीं मेंदूचीं चित्रें घेऊन दाखविलें कीं, आपले ठोके अचूक ओळखणाऱ्या माणसांत मेंदूच्या उजव्या बाजूचा, आंतल्या घडींत लपलेला 'इन्सुला' नांवाचा भाग अधिक जागा असतो. इन्सुला म्हणजे बेट.

मी स्वतः या परीक्षेंत नापास झालों. मला माझे ठोके जवळजवळ ऐकूंच येत नाहींत. आणि याचें मला आश्चर्य वाटलें नाहीं, कारण वर्गांत माझी हीच फजिती पूर्वीं झालेली होती.

ती अशी. चौथीच्या वर्गांत माझा एक विद्यार्थी होता. आठवड्यांतून दोन दिवस मी तोंडी हिशेब घेत असें, आणि नेमक्या त्या दोन दिवशीं त्याचें पोट दुखे. मला तें ढोंग वाटलें. मीं त्याला वर्गाबाहेर उन्हांत बसविलें, इतर मुलांसमोर त्याची थट्टा केली. हें सांगतांना आज संकोच वाटतो. एके दिवशीं त्याची आजी शाळेंत आली. म्हणाली, "गुरुजी, पोरगं खोटं नाही बोलत. सकाळी अंथरुणात असतानाच त्याच्या पोटाला हात लावून बघा, दगडासारखं होतं. तुमचा वार त्याच्या आधी त्याच्या पोटाला कळतो." मीं म्हटलें, "आजी, मी कांहीं त्याला मारीत नाहीं, रागावतहि नाहीं." ती म्हातारी कांहीं बोलली नाहीं, फक्त माझ्याकडे पाहत राहिली.

पुढें पुष्कळ वर्षांनीं, तीच मुलें मोठीं झाल्यावर, त्यांतील एक जण सहज बोलून गेला कीं, "गुरुजी, तुम्हांला राग यायच्या आधी तुमच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आम्ही एकमेकांना खूण करायचो. मग तुमच्या हातातला खडू मोडायचा." खडू मोडलेले मला आठवतात. ते निकृष्ट प्रतीचे असतात, अशी तक्रारहि मीं एकदां वर लिहून पाठविली होती! चाळीस मुलांना जें दिसत होतें तें ज्याच्या डोक्याला ते कान होते त्याला ठाऊक नव्हतें. 'मी रागावलों नाहीं' हें मीं आजीला सांगितलें तें खोटें नव्हतें. मला तें खरेंच वाटत होतें.

त्या मुलापुरतें सांगावयाचें तर, आजी येऊन गेल्यावर मीं तोंडी हिशेब पाटीवर लिहून घेण्यास आरंभ केला, आणि नांव घेऊन उभें करणें बंद केलें. त्याचें पोट दुखणें कमी झालें. अगदीं गेलें असें नाहीं. पावसाळ्यांत ओढ्याला पूर आला कीं तें पुन्हा दुखे, पण त्याचें कारण मी नव्हतों.

निवृत्तीपूर्वींच्या शेवटच्या वर्षीं मीं आणखी एक प्रयोग केला. फिनलंडमधील संशोधकांनीं २०१४ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला होता. फिनलंड, स्वीडन आणि तैवान येथील सुमारें सातशें लोकांना मनुष्याकृतीचे रिकामे आराखडे देऊन, अमुक भावना झाली असतां शरीराचा कोणता भाग जागा होतो आणि कोणता मंदावतो तें त्यांनीं रंगविण्यास सांगितलें होतें. देश निराळे, भाषा निराळ्या, पण चित्रें पुष्कळशीं सारखीं आलीं. वर्तमानपत्रांत हें वाचून मीं चौथीच्या मुलांना तशाच आकृति काढून दिल्या व रंगीत खडू वांटले. भयाच्या चित्रांत पुष्कळांनीं पोट रंगविलें. रागाच्या चित्रांत एका मुलानें केवळ तळपाय लालभडक केले. आदल्याच आठवड्यांत तो वाक्प्रचार शिकवून झाला होता, त्यामुळें ही संवेदना कीं अभ्यास, हें सांगणें कठीण. भाषाहि शरीराला रंग देत असली पाहिजे. एका मुलीनें आनंदाची आकृति कोरीच ठेवली. विसरलीस का, म्हणून विचारलें. ती म्हणाली, "नाही गुरुजी. तेव्हा अंग हलकं असतं, मग रंग कुठे लावू?"

एवढें सर्व वाचलें, शिकविलें, आणि मग २०१८ सालच्या पावसाळ्यांत माझ्या हातून जी चूक झाली ती आतां सांगतों.

माझ्या पत्नीचा धाकटा बंधु अकस्मात् वारला. आई लौकर गेल्यामुळें तिनेंच त्याला वाढविलेलें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं, सुमारें चार वाजतां, ती स्वयंपाकघरांतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून बसली. छातीवर दाबल्यासारखें होतें, पाठींतहि कळ येते, श्वास पुरत नाहीं, असें म्हणाली. कपाळ घामानें ओलें होतें. मी तिच्याजवळ बसलों आणि अत्यंत प्रेमानें तिला सांगितलें, "अग, हें दुःख आहे. मन आणि शरीर निराळीं नाहींत. हें सगळें मनाचं आहे. जरा पडून राहा, बरं वाटेल." तिनें मान हालविली व ती आडवी झाली. मी बाहेर येऊन बसलों. खरें सांगावयाचें तर, आपण तिची स्थिति अचूक ओळखली याचें मला थोडें समाधानहि वाटत होतें.

रात्रीं आठच्या सुमारास शेजारची सून डबा घेऊन आली. ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत परिचारिका होती. तिनें आंत जाऊन पाहिलें, मनगट हातांत घेतलें आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "गुरुजी, मनाचं असो नाही तर कशाचं असो, आधी गाडी बोलवा." तालुक्याच्या गांवीं हृदयाचा विद्युत्‌आलेख काढला, तो हृदयविकाराच्या झटक्यासारखाच निघाला. तेथून रात्रींच जिल्ह्याच्या ठिकाणीं नेलें. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. त्या मोकळ्या होत्या. कोठेंहि गुठळी नाहीं, अडथळा नाहीं. आणि तरीहि हृदयाची डावी झडप नव्हे, डावा कप्पा, त्याचें टोंक, फुग्यासारखें फुगून निश्चल झालेलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं औषधाच्या कागदामागें एक आकृति काढून मला दाखविली. तळाशीं गोल आणि गळ्याशीं अरुंद असें मडकें. जपानी कोळी ऑक्टोपस पकडण्यासाठीं असें मडकें समुद्रांत सोडतात, त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात, आणि फुगलेला कप्पा तसाच दिसतो म्हणून जपानी वैद्यांनीं १९९० च्या सुमारास या विकाराला तेंच नांव दिलें. तो बहुधा मासिक पाळी बंद झालेल्या वयाच्या स्त्रियांना, एकाएकीं मोठें दुःख किंवा धक्का बसला असतां होतो. कॅननच्या मांजराच्या रक्तांत उतरणारे तेच द्राव येथें पुरासारखे येऊन हृदयाच्या स्नायूला बधिर करतात, असा तर्क आहे. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत बरे होतात. पण पहिले दिवस धोक्याचे असतात, कोणी दगावतातहि.

म्हणजे माझें निदान बरोबर होतें! तें दुःखच होतें. आणि तें हृदयांत होतें. वाक्प्रचारांतील हृदयांत नव्हे, डाव्या बाजूला ठोके देणाऱ्या, मुठीएवढ्या मांसाच्या हृदयांत. चार तास मीं त्याला पडून राहण्यास सांगितलें होतें.

सहा आठवड्यांनीं पुन्हा तपासणी झाली तेव्हां कप्पा मूळच्या आकारावर आला होता. तिचें जिने चढणें, पाणी भरणें मात्र पुष्कळ महिने बंद होतें, आणि भावाचें नांव निघालें कीं ती अजूनहि उठून आंत जाते. एकदां संध्याकाळीं ती मला म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी 'मनाचं आहे' म्हणालात ना, तेव्हा मला वाटलं, म्हणजे दुखत नाहीच. मग मी दुखतं असं म्हणायचंच सोडून दिलं." मीं यावर काय बोलावें? उन्हांत बसविलेला तो मुलगाहि, थोड्याच दिवसांनीं, पोट दुखतें असें म्हणेनासा झाला होता. नुसता बसून राही. तेव्हां तें सुधारणेचें लक्षण म्हणून मीं समाधान मानलें होतें.

ठोके मोजण्याचा खेळ आम्ही हल्लीं जेवणापूर्वीं कधीं कधीं खेळतों. घड्याळ माझ्या हातीं असतें. ती डोळे मिटून बसते, मी तिच्या मनगटावर बोटें ठेवतों. एकदोन ठोक्यांपलीकडे तिचा आंकडा चुकत नाहीं. माझ्या वेळीं मात्र ती हंसते. मी पस्तीस म्हणतों आणि नाडी बेचाळीस निघते. "चहा घेऊन बसलात, आणि आज पेन्शनचं पत्र आलं होतं," असें ती म्हणते, आणि मग मला आठवतें कीं दुपारपासून मी त्या पत्रावर चिडलेलों आहें.

आज सकाळीं मी निघालों तेव्हां तिनें एक चिठ्ठी माझ्या खिशांत घातली. भाषणाच्या शेवटीं ही वाचा, तुमचीं पुस्तकें नंतर, अशी ताकीद आहे. ती तिच्याच शब्दांत वाचतों. "छातीत दाबल्यासारखं, पाठीत, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, श्वास न पुरणं, गार घाम, मळमळ, एकाएकी फार थकवा, यांतलं काहीही झालं तर पडून राहू नका. बायकांना पुष्कळदा छातीत फारसं दुखतही नाही, नुसतं अस्वस्थ वाटतं. घरात दुःख झालेलं असेल तरी थांबू नका. १०८ क्रमांक फिरवा, गाडी फुकट येते. मनाचं होतं की शरीराचं, ते दवाखान्यात गेल्यावर विचारा."

कांचेपलीकडील गृहस्थांनीं पुन्हा बोट वर केलें आहे. नमस्कार.